एक टिंब उजळ

विलफ्रिदो बेरोकालचं कुणाशी वाकडं आहे, असं आमच्या नदीकाठच्या लोरिका गावात कुणी सांगितलं तर ऐकणारा हसेल. ज्या गावात मासळीबाजारातल्या दोन बायका एका बोकाचिको माशाच्या शेपटीवरून वीस वर्षं अबोला धरतात, त्या गावात या माणसाचं सगळ्यांशी गोड. लोक म्हणायचे, स्वभाव. स्वभाव कसला डोंबलाचा, ते त्याचं बोट होतं. चौकातल्या फोटो-लॅबमध्ये एकतीस वर्षं तो रंगीत फोटो छापायच्या यंत्रापुढे बसला, आणि त्या यंत्राला एक बटण होतं. ते एकदा दाबलं की कागदावरचा माणूस किंचित उजळ उतरायचा.

"विलो, एक टिंब उजळ कर हं," असं गिऱ्हाईक पाकीट देताना काउंटरवरून वाकून हळूच सांगायचं. पुढे पुढे सांगायचीही गरज उरली नाही. बाप्तिस्मा असो, लग्न असो, मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा घेरदार झगा असो, विलोचं बोट आपोआप बटणावर जायचं. आमच्याकडे नदीकाठचे मूळचे झेनू, साखळदंडानं बांधून आणलेले आफ्रिकन, स्पॅनिश आणि कापडाचे गठ्ठे घेऊन आलेले सिरियन, सगळ्यांचं रक्त एकाच पातेल्यात शिजलंय. एका घरात चार भावंडं चार रंगांची निघतात. पण घरोघरच्या भिंतीवरचे फोटो बघाल तर सगळं गाव गव्हाळ. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पाहुण्याच्या ताटात चीजचा एक तुकडा जास्त टाकावा, तसं ते एक टिंब. विलोलाही तसंच वाटायचं, आणि रात्री त्याला झोप उत्तम लागायची.

लॅब बंद झाली तेव्हा लोकांनी न नेलेल्या निगेटिव्हची एकोणीस खोकी मालकानं नदीत टाकायला काढली होती. विलोनं ती हातगाडीवर घालून घरी आणली. त्याच्या बायकोनं, लेदिसनं, दारातच विचारलं की एवढी भुतं झोपवायची कुठे. खोकी पलंगाखाली झोपली, बारा वर्षं. मग बारांकिया शहरात नोकरीला असलेल्या मुलानं एक जुना स्कॅनर पाठवला, निगेटिव्ह ठेवायची चौकट असलेला, आणि निवृत्त विलोला पुन्हा धुमारे फुटले. जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच. लेदिस आणि तो आता स्वयंपाकघरात मांडीवर ताटली घेऊन जेवायचे, आणि ती त्याला रोज ऐकवायची की या घरात जिवंत माणसांना टेबल नाही.

काम मात्र तो डोळ्यांत तेल घालून करायचा. अंगणातल्या आंब्याचा हिरवा उजेड स्क्रीनवर पडतो म्हणून खिडकीला पांढरी चादर लावलेली. अंगात लाल सदरा असला तर तो काढून बनियनवर बसायचा, कारण सदऱ्याचीही झाक काचेत दिसते. निगेटिव्हवरची धूळ उडवायला त्यानं नातवाच्या नाकातला शेंबूड ओढायचा रबरी फुगा पळवला होता. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. पांढरं ते काळं, निळं ते पिवळट, आणि वर सगळ्यावर नारिंगी झाक. संगणक ते सुलट करून देतो, पण चाळीस वर्षांच्या दमट हवेनं कुठला रंग किती खाल्ला, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? तिथे माणसाचा डोळा लागतो. विलो हळूहळू लाल कमी करायचा, निळा वाढवायचा, सावल्या फिक्या करायचा, आणि सगळं मनासारखं झालं की शेवटी, न चुकता, माणसाला एक टिंब उजळ करायचा. बटण नव्हतं, पण सवय होती.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी नुरीस आली. प्राथमिक शाळेत शिकवते, त्रेचाळीस वर्षांची, उंच, ताठ, आणि रंगानं काळी. सावळी वगैरे नाही. तिला कुणी सावळी म्हटलं तर तीच दुरुस्त करते, शाळेत शुद्धलेखन दुरुस्त करावं तितक्या शांतपणे. त्या दिवशी मात्र तिचा चेहरा उतरलेला होता. लेदिसनं दिलेली कॉफी तिनं हातात धरली, प्यायली नाही.

गोष्ट अशी होती. तिचा मामा वारला होता आणि गुरुवारी आईच्या घरी नवव्या दिवसाची प्रार्थना झाली. प्रार्थनेनंतर बायका कॉफीचे पेले घेऊन बसल्या, तिथे भिंतीवर नुरीसच्या आईवडिलांच्या लग्नाचा फोटो. नुरीसची आई रोसमिरा, आणि वडील एवारिस्तो, बोटीवरचा माणूस. बोटीवरच वाढलेला, आपलं गाव कुठलं ते त्याला स्वतःलाही धड सांगता येत नव्हतं. लग्नानंतर सात महिन्यांनी नदीच्या मुखाशी पुरात बोट उलटली आणि तो गेला. नुरीस तेव्हा पाच महिन्यांची पोटात होती. फोटोतला एवारिस्तो गव्हाळ. आणि नुरीस ही अशी. कुजबुज लहानपणापासून होतीच. पण गुरुवारी तिच्या मोठ्या मावशीनं, एम्पेरात्रीसनं, सगळ्यांदेखत भिंतीकडे हनुवटी केली आणि म्हणाली, त्याची म्हणे ही मुलगी, आधी फोटो बघा आणि मग हिला बघा. बायका आपापल्या पेल्यात बघायला लागल्या.

"मावशीचं सोडा, तिच्या जिभेला हाड नाही," नुरीस म्हणाली. "पण आई गप्प राहिली, विलोकाका. एक शब्द बोलली नाही. पेले गोळा केले आणि आत गेली."

त्या गप्प बसण्यानं तिला झोप नव्हती. आईला विचारायची हिंमत होत नव्हती आणि न विचारता राहवत नव्हतं. आपल्या वडिलांना पाहिलेली माणसं गावात अजून पाचसात होती, तिनं दोघांना विचारूनही पाहिलं. दोघांनी भिंतीवरच्या फोटोचंच वर्णन केलं. चाळीस वर्षं तोच फोटो बघून त्यांच्या डोक्यातला माणूसही तसाच होऊन बसला होता. म्हणून ती विलोकडे आली होती. लग्नाची निगेटिव्ह कुणी नेलेली नव्हती, ती त्याच्या खोक्यात असणार.

"मला ते उजळ नकोत, गडद नकोत. जसे होते तसे पाहिजेत."

विलोनं विचारलं, आणि समजा खरंच गव्हाळ निघाला तर? ती म्हणाली, मग निदान कळेल तरी. त्रेचाळीस वर्षांची झाले, आता मला कळू दे.

ती गेल्यावर विलोनं पलंगाखालचं पहिलं खोकं ओढलं. ते लग्नाचं चित्र त्यानंच छापलेलं होतं. बटण दाबलं होतं का? त्याला आठवेना. हजारो माणसांवर ते बोट पडलं होतं. कुणाकुणाची आठवण ठेवणार?

सोमवारी अकराव्या खोक्यात पाकीट सापडलं. १९८१, सहा चित्रांची पट्टी, आणि त्यातलं चौथं तेच. रोसमिराच्या वडिलांचं, म्हाताऱ्या आनीबालचं अंगण. मागे चुन्याची भिंत. बापाची या लग्नाला मर्जी नव्हती, म्हणून पांढऱ्या झग्याचा थाट नाही. बहिणीचा उसना, बिनबाह्यांचा, कसल्याशा फिक्या रंगाचा झगा. नवऱ्याच्या अंगावर तसलाच फिका, दुसऱ्याच्या मापाचा सदरा. पट्टी खिडकीशी धरून विलोला एवढं कळलं की नवरा नवरीपेक्षा सावळा आहे. पण ते भिंतीवरच्या फोटोतही दिसत होतंच, आणि नवरीच्या तोंडावर लग्नाची पावडर थापलेली होती. सावळा होता हे ठीक, पण किती? सगळं त्या ‘किती’वर अडलं होतं.

त्यानं पट्टी स्कॅन केली. आधी संगणकाचं आपोआपचं बटण दाबून पाहिलं, तर दोघंही बोटीच्या प्रवासात मळमळावं तशी हिरवी झाली. त्यानं ते पुसलं आणि हातानं करायला बसला. आणि तिथेच अडला. त्याला आयुष्यात प्रथमच नुसतं बरं दिसणारं काढायचं नव्हतं, खरं काढायचं होतं, आणि ते कसं काढतात हे त्याला येत नव्हतं. सगळे आकडे सरकत होते. जरा इकडे नेलं की एवारिस्तो काळा, जरा तिकडे नेलं की गोरा. दोन्ही चित्रं तितकीच खरी वाटत होती. धरायला एक तरी खुंटी पाहिजे होती, चित्रातली एखादी वस्तू, जिचा रंग नक्की माहीत आहे. झगा कुठल्या रंगाचा ते माहीत नाही, सदऱ्याचं तेच. उरली भिंत. चुन्याची भिंत पांढरी असते, हे तर सूर्य पूर्वेला उगवतो इतकं नक्की. विलोनं संगणकाला भिंत दाखवली आणि सांगितलं, हे पांढरं समज. चित्र एकदम लखलखलं. भिंत पांढरीशुभ्र झाली आणि तिच्यापुढे एवारिस्तो उभा राहिला. पिवळसर गव्हाळ. भिंतीवरच्या फोटोत होता अगदी तसा.

विलोनं हात लावला नाही. एक टिंबही इकडचं तिकडे केलं नाही. मनातून त्याला दुसरं काही निघावं असं फार वाटत होतं, म्हणूनच तो जास्त कडक वागला. मंगळवारी मधल्या सुट्टीत नुरीस आली तेव्हा त्यानं तिला खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. तिनं खुर्ची पुढे ओढून स्क्रीनकडे बघितलं. मग एवढंच म्हणाली, म्हणजे मावशी खोटं बोलत नव्हती. त्याचे आभार मानले, पर्स उचलली आणि शाळेत गेली. रडली असती तर विलोला बरं वाटलं असतं.

तो दुपारी जेवला नाही. लेदिसनं कोनफळ आणि चीजचं गरम सूप, मोते, वाडग्यात आणून टेबलावर, त्याच्या त्या पवित्र टेबलावर ठेवलं, तरी त्यानं तिला हटकलं नाही. तेव्हा तिला कळलं की प्रकरण गंभीर आहे. ती त्याच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

"हे कुठलं घर?"

त्यानं सांगितलं, आनीबालचं अंगण, रोसमिराचं माहेर.

"मग भिंत अशी का?"

अशी म्हणजे कशी, म्हणून त्यानं वैतागून विचारलं. पांढरी आहे, चुन्याची आहे. लेदिस कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. वेंधळ्या पोराकडे बघावं तशी.

"चुन्यात निळीची पुरचुंडी कोण घालतं दर डिसेंबरात? माझा बाप येतो की तू घालतोस?"

विलोनं कपाळाला हात लावला. आता काय म्हणावं या माणसाला? डिसेंबरात चर्चच्या माउलीच्या सणाआधी आख्खं लोरिका भिंती रंगवतं, आणि चुना मळला की त्यात कपड्यांची नीळ घालतं, नाहीतर चार महिन्यांत भिंत पिवळी पडते. नीळ नसलेली भिंत या गावात नाही. आणि आम्ही सगळे त्या निळसर भिंतीला पांढरी म्हणतो. नुसतं म्हणत नाही, आम्हाला ती पांढरीच दिसते. एकतीस वर्षं रंग विकलेल्या माणसाला शेजारच्या भिंतीचा रंग माहीत नव्हता. त्यानं त्या निळ्या, सावलीतल्या भिंतीला जबरदस्तीनं पांढरं करायला लावलं होतं, आणि तिच्याबरोबर एवारिस्तोही ओढला गेला होता, उजळ आणि पिवळा. म्हणजे या खेपेला त्यानं बटण दाबलं नाही, तर भिंतीनं दाबलं.

त्याला इतका आनंद झाला की तो वाडगाभर मोते उभ्यानंच प्यायला. मग पुन्हा बसला. कारण भिंत पांढरी नाही हे कळलं, तरी किती निळी हे कुठे कळलं होतं? ज्याची त्याची पुरचुंडी निराळी. आनीबाल मरून तीस वर्षं झाली, ती भिंत पडून वीस. त्या अंगणातलं आज शिल्लक काय आहे, असं तो मोठ्यानं बोलला, स्वतःशीच.

"रोसमिरा आहे की," लेदिस म्हणाली आणि वाडगा घेऊन गेली.

विलोनं चित्र मोठं केलं. रोसमिराचा डावा हात नवऱ्याच्या खांद्यावर, बाही नाही, त्यामुळे दंडाची आतली बाजू उघडी. तिथे पावडर कुणी लावत नाही. तिथे ऊनही पोचत नाही, आणि वय झालं तरी तिथली कातडी सुरकुतते, रंग सहसा बदलत नाही. लॅबमध्ये चाचणीचा कागद निघाला की तो स्वतःच्या दंडाशी धरून बघायची त्याची जुनी पद्धत होती. त्याला पाहिजे होती ती खुंटी चार गल्ल्यांपलीकडे, ओट्यावर बसून वाल सोलत होती.

बुधवारी सकाळी तो तिच्याकडे गेला. रोसमिरा चौसष्ट वर्षांची, बारीक, हात सतत कामात. त्यानं तिला सगळं नीट सांगितलं, मुलगी आली होती ते, भिंतीचं, दंडाचं. तिनं वाल सोलणं थांबवलं नाही. मला वेळ नाही म्हणाली. मग म्हणाली, मेलेल्या माणसाला कशाला छळता. मग एकदम तिचे हात थांबले.

"विलो, तुला खरंच आठवत नाही?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. तेव्हा तिनं आतल्या भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून सांगितलं. आनीबालनं लग्नाला अंगण दिलं, पण पोरीला बजावलं की त्या काळ्याचा फोटो माझ्या भिंतीवर लागणार नाही. रोसमिरा वीस वर्षांची होती. तिला फोटो लागायला हवा होता. मामेबहिणी यायच्या होत्या, त्यांनी काय म्हटलं असतं, हेही होतं, ते ती नाकारत नव्हती. ती लॅबमध्ये गेली आणि काउंटरवरून वाकली.

"सगळे एकदा दाब म्हणायचे ना तुला? मी तीनदा म्हणाले होते."

फोटो भिंतीवर लागला. सात महिन्यांनी नवरा गेला, आणि मग काळी मुलगी झाली, आणि बोलणारे बोलायला लागले. फोटो खोटा आहे असं म्हणायचं, तर का खोटा आहे तेही सांगावं लागणार. आपल्याला नवऱ्याच्या रंगाची लाज वाटली होती हे कुणाला सांगायचं? त्याच रंगाच्या मुलीला? रोसमिरानं त्यापेक्षा बदफैली ठरणं पत्करलं. गुरुवारी ती पेले घेऊन आत गेली ती याच भीतीनं, की तोंड उघडलं तर हेच बाहेर पडेल.

विलो फार शहाणा माणूस नाही, पण त्या दिवशी तो शहाण्यासारखं बोलला.

"काल तुझी पोरगी माझ्या घरातून काय समजून गेलीय, ते ठाऊक आहे तुला? तिला वाटतंय तिला बाप नाही. तुझी लाज तिला झेपेल, रोसमिरा. हे नाही झेपणार."

रोसमिरा उठली. मग वाल तसेच टाकून आत गेली आणि बाहेर आली ती पायात चपला घालूनच.

दुपारी शाळा सुटल्यावर विलोनं नुरीसला बोलावून घेतलं. ती आली, टेबलापाशी आई बसलेली पाहून दारातच थबकली. विलोनं दोघींना बोलू दिलं नाही. आधी काम, म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आवाजात हुकूम होता आणि दोन्ही बायकांनी मुकाट ऐकलं. त्यानं रोसमिराला चादरीच्या पांढऱ्या उजेडात, स्क्रीनच्या शेजारी बसवलं, झंपरची बाही खांद्यापर्यंत वर करायला लावली आणि हात वर धरायला सांगितलं, चित्रात होता तसा. लेदिस भिंतीला टेकून उभी राहिली. आज टेबलाबद्दल ती काही बोलली नाही.

विलो काम करू लागला. चित्रातला दंड जुन्या कागदासारखा पिवळट पांढरा होता, शेजारचा खरा दंड कच्च्या गुळाच्या रंगाचा. त्यानं उजेड खाली ओढला. जास्त झाला, थोडा वर. पिवळा काढला, म्हणजे निळा शिरला. निळा फार झाला, दंड राखेसारखा मेला. लाल, अगदी चिमूटभर. तो एकदा स्क्रीनकडे बघायचा, एकदा दंडाकडे. मध्येच डोळे मिटून बसायचा, कारण डोळ्याला कुठल्याही रंगाची सवय होते आणि मग तो खोटं बोलतो. रोसमिराचा हात खाली यायला लागला तेव्हा लेदिसनं पुढे होऊन कोपर खालून धरलं. विलोनं एवारिस्तोकडे एकदाही पाहिलं नाही. नवऱ्याच्या चेहऱ्यावर त्यानं पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून ठेवला होता, आपलंच मन आपल्याला फसवेल म्हणून.

"थांब," रोसमिरा एकदम म्हणाली. "ती आमची भिंत आहे."

दंड दंडासारखा झाला होता, आणि मागची भिंत आपोआप निळी झाली होती, पहाटेच्या दुधासारखी फिकी निळी. बाबा दोन पुरचुंड्या घालायचे, रोसमिरा म्हणाली, सगळी आळी हसायची त्यांना. झगाही आता कळला. अबोलीच्या रंगाचा होता. विलोनं खुर्ची मागे सरकवली आणि नुरीसला सांगितलं, पुठ्ठा तू काढ.

तिनं काढला. तो काळा होता. सावळा वगैरे नाही, काळा, उंच, कपाळ घामानं चमकणारं, आणि उसन्या सदऱ्यात अवघडून हसणारा. नुरीसनं आपला हात स्क्रीनशी नेला आणि त्याच्या गालाशेजारी धरला. कुणाला काही सांगावं लागलं नाही. तिनं सोडलेला श्वास विलोला ऐकू आला, आणि त्याचाही जीव भांड्यात पडला.  लेदिस उघडउघड रडत होती आणि रुमालाऐवजी खिडकीच्या चादरीला नाक पुसत होती.

मग रोसमिरानं सांगितलं. फिरवून नाही, मऊ करून नाही. मी लाजले होते म्हणाली, आणि तीनदा दाब म्हणाले होते. विलो मध्ये म्हणाला की दाबलं मी, बोट माझं होतं. पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. नुरीस स्क्रीनकडेच बघत होती.  विलोला वाटलं, आता ही उठून जाणार.

"एवढंच?" ती शेवटी म्हणाली. "त्यासाठी तू गप्प बसलीस? मला वाटलं, तुझ्याकडे सांगायला दुसरंच काही आहे."

आणि ती हसायला लागली. हसता हसता रडली, आणि आईच्या त्या वर गोळा केलेल्या बाहीत तोंड खुपसून बसली. रागावली नाही असं नाही. पुढचे दोन महिने मधूनमधून ती आईशी त्यावरून भांडली, आणि ते भांडण चांगलं खणखणीत होतं, दोघींनाही त्यानं मोकळं वाटलं. पण त्या दुपारी तिच्या पाठीवरून मोठं ओझं उतरलं होतं, आणि तिला आधी नुसतं बसायचं होतं.

विलोनं चित्र तसंच ठेवलं. सवयीनं बोट एकदा पुढे गेलं, ते त्यानं दुसऱ्या हातानं धरलं.

"त्यांनी पाहिला होता का तो फोटो?" नुरीसनं विचारलं. "तो गोरा केलेला?"

रोसमिरानं बाही खाली केली. एवारिस्तोबद्दल ती त्रेचाळीस वर्षांत बोलली नव्हती, बोलणं निघालं की फोटोवर यायचं म्हणून. आता तिला कुठून सुरुवात करावी कळेना. पाहिला होता, म्हणाली. बोटीवरून आला, भिंतीवर पाहिला आणि जमिनीवर बसून पोट धरून हसला. विचारायला लागला, हा कोण गृहस्थ, माझ्या बायकोच्या शेजारी उभा. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मग दिवस राहिल्याचं कळलं, तेव्हापासून रोज संध्याकाळी बोटीवरून आला की तो गुडघ्यावर बसायचा, माझ्या पोटाला तोंड लावायचा आणि आतल्या पोराला एकच गोष्ट सांगायचा.

"काय सांगायचे?"

"म्हणायचा, तू मात्र माझ्यासारखं नीघ. म्हणजे तुझ्या आईला कुठल्या लॅबमध्ये जायला नको."

नुरीसनं डोळे पुसले आणि स्क्रीनवरच्या, सदऱ्यात अवघडलेल्या त्या माणसाकडे वळून बघितलं.

"निघाले की," ती त्याला म्हणाली.